बाहेरचं पाणी, आतलं पाणी

2003 सालच्या मे महिन्यात मी इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या एका लहान शहरातल्या इस्पितळात अपघात विभागात काम करत होतो. एका शनिवारी संध्याकाळी समुद्रातून एका पाणबुड्याला आणलं. वय सत्तावन्न. पोस्टातून नुकताच निवृत्त झालेला, वीस वर्षांपासून डायव्हिंग करणारा, अंगाने काटक. ओठ निळे, श्वास मिनिटाला चाळीसच्या घरात, आणि खोकल्याबरोबर तोंडातून गुलाबी फेस. आपण मराठीत ‘काम करून तोंडाला फेस आला’ असं सहज म्हणून जातो. तो फेस खरोखर कसा दिसतो हे मी त्या दिवशी नीट पाहिलं.

छातीला नळी लावली तर दोन्ही बाजूंना तळापासून वरपर्यंत बुडबुडे ऐकू येत होते. रक्तातला प्राणवायू चौऱ्याऐंशी टक्के, रक्तदाब 190 वर 110. एक्सरेत दोन्ही फुप्फुसं पिंजलेल्या कापसासारखी पांढरी. ऑक्सिजन लावला, उठवून बसवलं, तासाभरात तो बोलू लागला आणि पहिलं वाक्य म्हणाला, “मी पाणी गिळलेलं नाही.”

मी मान डोलावली आणि केसपेपरवर लिहिलं: बुडता बुडता वाचला, समुद्राचं पाणी श्वासनलिकेत गेलं. रक्तदाबापुढे लिहिलं: भीतीमुळे. माझ्या मते चित्र स्वच्छ होतं. माणूस समुद्रातून आला आहे, फुप्फुसांत पाणी आहे, मग ते पाणी समुद्राचंच असणार. यात शंका घेण्यासारखं काय होतं?

तो मात्र सांगत राहिला. सोळा मीटर खोलीवर होतो. पाणी थंड होतं, अकरा अंश. थोडा प्रवाह होता म्हणून पाय जोरात मारावे लागले. मग दम लागायला लागला आणि थांबेचना. वाटलं रेग्युलेटरमधून हवा पुरेशी येत नाही. (रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासागणिक तोंडात सोडणारं यंत्र.) म्हणून जोडीदाराचा जादा रेग्युलेटर घेतला, तर तोही तसाच. मग खोकला सुरू झाला, आणि छातीत काहीतरी खदखदतंय असं वाटू लागलं. तेव्हा दोघे वर यायला निघाले. वर येताना जास्त वाईट वाटलं. शेवटचे काही मीटर आठवत नाहीत.

एका वेळी दोन यंत्रं बिघडत नाहीत, हे मला त्याच क्षणी खटकायला हवं होतं. पाण्याखाली असताना खोकला आधी आणि पृष्ठभागावरची धडपड नंतर, हा क्रमही खटकायला हवा होता. खटकलं नाही. चोवीस तासांनी एक्सरे जवळजवळ स्वच्छ झाला, तेही खटकलं नाही. समुद्राचं खारं पाणी फुप्फुसांत शिरलं तर ते सहसा इतक्या लवकर पाठ सोडत नाही. मी खूश झालो, प्रतिजैविकांची चिठ्ठी दिली आणि घरी सोडलं. त्याच्या क्लबने दोन्ही रेग्युलेटर तपासून घेतले. दोन्ही उत्तम चालत होते. त्याचे मित्र चांगले होते, पण त्यांच्या बोलण्यातून एक शब्द निसटला तो निसटलाच: घाबरला. वीस वर्षं समुद्रात उतरणाऱ्या माणसाला हा शब्द कसा लागला असेल, याचा विचार मी पुष्कळ नंतर केला.

ऑगस्टमध्ये तो पुन्हा उतरला. आपण घाबरलो नव्हतो हे सिद्ध करायला, असं त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. त्या दिवशी मी ड्यूटीवर नव्हतो, आणि असतो तरी उपयोग नव्हता, कारण त्याला इस्पितळात आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिकडे अशा मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो. मुंबईतही पूर्वी कॉरोनर असे. शवविच्छेदनात फुप्फुसं जड, पाण्याने भरलेली, श्वासनलिकेत फेस. निष्कर्ष: बुडून मृत्यू. कागदोपत्री तो निष्कर्ष आजही तसाच असेल.

त्याला जे झालं त्याचं वैद्यकीय नाव लांबलचक आहे: इमर्शन पल्मनरी इडिमा. पाण्यात शरीर बुडालेलं असल्यामुळे फुप्फुसांना येणारी सूज, असा त्याचा सरळ अर्थ. मराठीत ‘छातीत पाणी झालं’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा फुप्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणात साठलेलं पाणी अभिप्रेत असतं, जे क्षयात होतं आणि सुईने काढतात. हे ते नव्हे. इथे पाणी फुप्फुसाच्या आत, जिथे हवा असायची त्या वायुकोशांत भरतं, आणि ते बाहेरून आलेलं नसतं. ते माणसाच्या स्वतःच्या रक्तातून पाझरलेलं असतं. नाकातोंडात एक थेंबही न जाता माणूस पाण्याखाली आतून बुडू लागतो.

हे कसं होतं ते समजून घ्यायला डायव्हिंगचा अनुभव लागत नाही, विहिरीत किंवा तलावात गळ्याइतक्या पाण्यात उभं राहण्याचा अनुभव पुरतो. जमिनीवर उभं असताना आपलं बरंचसं रक्त पायांत आणि पोटाच्या शिरांत रेंगाळत असतं, गुरुत्वाकर्षणामुळे. पाण्यात उतरलं की ते ओझं नाहीसं होतं. शिवाय पाणी बाहेरून पाय दाबतं, आणि ते जितकं खोल तितकं जास्त दाबतं. पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. 1972 साली आर्बोरेलियस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना मानेपर्यंत पाण्यात बसवून हे मोजलं. छातीतलं रक्त सुमारे सातशे मिलिलिटरने वाढतं, आणि हृदय दर मिनिटाला जवळजवळ एकतृतीयांश जास्त रक्त फेकू लागतं. पाणी कोमट असलं तरीही, आणि माणूस स्वस्थ बसलेला असला तरीही. शरीराला वाटतं, रक्त फार झालं. मग ते मूत्रपिंडांना आज्ञा देतं, आणि पोहायला उतरलेल्या प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटांत लघवी लागते. वेटसूटमध्ये काय चालतं याबद्दल पाणबुड्यांत दोनच प्रकार असतात असं म्हणतात: कबूल करणारे आणि खोटं बोलणारे.

आता यात थंडी मिळवा. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. त्वचेतल्या आणि हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथलं रक्तही छातीत येतं. वर हृदयाला आकसलेल्या वाहिन्यांच्या विरुद्ध जोर लावावा लागतो, म्हणजे रक्तदाब चढतो. त्यात प्रवाहाविरुद्ध पाय मारण्याचे श्रम मिळवा. मग घट्ट वेटसूट मिळवा.

शेवटची गोष्ट श्वासाची, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. लहानपणी आमच्याकडे पोरं पपईचा पोकळ देठ तोंडात धरून विहिरीत बुडी मारत आणि देठाचं दुसरं टोक पाण्याबाहेर ठेवून श्वास घ्यायचा प्रयत्न करत. हातभर खोल गेलं की श्वास ओढणं जड होई. कल्पनाच करा, मीटरभर लांब देठ मिळाला तरी उपयोग नसतो, कारण मीटरभर पाण्याच्या दाबाविरुद्ध छाती फुलवणं माणसाच्या स्नायूंच्या ताकदीच्या पलीकडचं आहे. रेग्युलेटर ही अडचण दूर करतो, तो भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो. पण तो असतो तोंडात, आणि फुप्फुसं असतात त्याच्या खाली. पाण्यात उभं राहिलेल्या माणसाची फुप्फुसं तोंडापेक्षा वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल असतात, म्हणून प्रत्येक श्वास थोडा ओढूनच घ्यावा लागतो. खोल गेल्यावर हवाही दाट होते, तीस मीटरवर चौपट. दाट हवा ओढायला आणखी जोर. या प्रत्येक ओढीबरोबर छातीत जो उणा दाब तयार होतो, तो वायुकोशांत फक्त हवाच ओढत नाही. केशवाहिन्यांतलं पाणीही तो आपल्याकडे ओढत असतो.

आणि केशवाहिन्या व वायुकोश यांच्यामधली भिंत किती जाड? पातळ बाजूला एका मिलिमीटरचा साधारण तीन-चार हजारावा भाग. प्राणवायू पलीकडे जावा म्हणून ती इतकी पातळ असावी लागते, आणि रक्त अलीकडेच राहावं म्हणून इतकी मजबूत. कॅलिफोर्नियातल्या जॉन वेस्ट या शरीरशास्त्रज्ञाने सशांवर प्रयोग करून दाखवलं की आतला दाब एका मर्यादेपलीकडे गेला की या भिंतीला सूक्ष्म चिरा पडतात. आधी पाणी पाझरतं, मग लाल पेशीही निसटतात. गुलाबी फेसाचा गुलाबी रंग तिथून येतो. शर्यतीच्या घोड्यांचे डॉक्टर हे फार पूर्वीपासून ओळखून आहेत. जिवाच्या आकांताने धावलेल्या घोड्याच्या फुप्फुसांत रक्त उतरतं, आणि अमेरिकेत कित्येक घोड्यांना शर्यतीआधी लघवीचं औषध टोचतात ते त्यासाठीच.

हे सगळं मला 2003 साली माहीत नव्हतं असं म्हणणं खरं होणार नाही. सुटे सुटे तुकडे माहीत होते, वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात पाठ केलेले. ते एका माणसात एकत्र येऊ शकतात हे माहीत नव्हतं. आणि ते माहीत असलेला माणूस माझ्यापासून फार लांब नव्हता. पीटर विल्म्सहर्स्ट हा ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ, पुढे वैद्यकीय संशोधनातल्या गैरप्रकारांविरुद्ध बोलणारा म्हणून जास्त प्रसिद्ध झाला. त्याने आणि लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळातल्या सहकाऱ्यांनी 1981 साली अशा पाणबुड्यांबद्दल पहिल्यांदा लिहिलं, ज्यांच्या फुप्फुसांत पाण्याखाली पुन्हापुन्हा पाणी साठत होतं, पण ज्यांच्या हृदयात काही दोष सापडत नव्हता. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा मोठा निबंध आला. त्यात अशा अकरा जणांची हकिकत आहे. थंडी दिली की या लोकांच्या हाताच्या रक्तवाहिन्या इतरांपेक्षा जास्त आकसत. आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं तर त्यांतल्या बऱ्याच जणांना रक्तदाबाचा विकार जडला. म्हणजे समुद्राने त्यांची एक प्रकारे आगाऊ तपासणी केली होती. माझ्या पोस्टमनचा रक्तदाब 190 होता आणि मी त्याच्यापुढे ‘भीतीमुळे’ असं लिहिलं होतं. तो अंक आमच्या इस्पितळाच्या ग्रंथालयात चौदा वर्षं कपाटात होता.

विल्म्सहर्स्टच्या निबंधाच्या शीर्षकात थंडी होती, म्हणून काही वर्षं असं समजलं जाई की हा थंड पाण्यातला, मध्यमवयीन माणसांचा आजार आहे. 1995 साली इस्रायलमधून वेगळीच बातमी आली. तिथल्या सैन्यातल्या तीस तरुण, धडधाकट प्रशिक्षणार्थींना समुद्रात 2.4 किलोमीटर पोहायला लावलं होतं. पाणी तेवीस अंश, म्हणजे आपल्या लेखी थंड, पण इंग्लंडच्या लेखी ऊबदार. तिसांपैकी आठ जणांना फुप्फुसात पाणी झालं, काहींच्या थुंकीतून रक्त पडलं. यांतल्या कोणाला रक्तदाब नव्हता, वय नव्हतं, रेग्युलेटरही नव्हता. मग होतं काय? पोहण्याआधीच्या दोन तासांत त्यांनी पाच पाच लिटर पाणी प्यायलं होतं. शरीर कोरडं पडू नये म्हणून.

हा तपशील मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे, कारण आपल्याकडे सध्या पाणी पिण्याचं जे खूळ आहे ते पोहणाऱ्यांतही शिरलं आहे. शर्यतीआधी बाटल्याच्या बाटल्या रिचवणारे मी पाहतो. उन्हात धावणाऱ्याची गोष्ट वेगळी. पोहणाऱ्याच्या छातीत पाण्याने आधीच पाऊण लिटर रक्त ढकललेलं असतं. त्यात तो आणखी भर घालत असतो.

आता त्या वाक्याकडे येतो: “वर येताना जास्त वाईट वाटलं.” या आजाराचा सगळ्यांत फसवा भाग तोच आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक एकक धरला तर दर दहा मीटरला आणखी एक एकक वाढतो. सोळा मीटरवर तो 2.6 होतो. हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो, पण तिथे श्वासात घेतलेली हवा शरीराला जमिनीवरच्या पंचावन्न टक्के प्राणवायूच्या हवेइतकी लाभते. म्हणजे इस्पितळात मास्क लावून देतो तसा भरपूर ऑक्सिजन तो पाण्याखाली घेतच असतो. त्यामुळे फुप्फुसं निम्मी भरली तरी शुद्ध हरपत नाही, फक्त दम लागतो. माणूस वर निघतो. दर मीटरला प्राणवायूचा दाब उतरत जातो. पृष्ठभागाशी, जिथे बोट आहे, माणसं आहेत, उघडी हवा आहे, तिथे पोचता पोचता रक्तातला प्राणवायू कोसळतो. कित्येक जण पाण्यातून डोकं वर काढतात, हात करतात आणि बोटीवरच्यांच्या डोळ्यांदेखत बेशुद्ध होतात. पाहणाऱ्यांना वाटतं, वर आला, घाबरला, पाणी गिळलं, बुडाला. चौकशीत साक्षीदार जे पाहिलं तेच सांगतात, आणि ते खोटं नसतं.

शवविच्छेदनही मदत करत नाही. बुडालेल्याच्या फुप्फुसांत पाणी आणि फेस, याच्याही फुप्फुसांत पाणी आणि फेस. शिवाय आतून बुडू लागलेला माणूस शेवटी बेशुद्ध होऊन बाहेरचं पाणीही आत घेतोच. दोन्हींत फरक करणारी खात्रीची खूण मृतदेहात सापडत नाही. फरक सापडतो तो हकिकतीत: आधी दम लागला होता का, खोकला कधी सुरू झाला, हवा मिळत नाही अशी खूण जोडीदाराला केली होती का. म्हणजे सगळा पुरावा त्या अर्ध्या तासातल्या साक्षीदाराच्या आठवणीत, आणि ती विचारणाऱ्याच्या डोक्यात हा आजार असेल तरच बाहेर येणारा. म्हणून जगात किती पाणबुडे असे गेले याचा आकडा मी देत नाही. जे आकडे आहेत ते वाचलेल्यांचे.

इथे एक व्यावहारिक गुंताही आहे. पाणबुड्यांना होणारा प्रसिद्ध आजार म्हणजे ‘बेंड्स’. वेगाने वर आल्यामुळे रक्तात वायूचे बुडबुडे होतात तो. त्यात रुग्णाला आडवं झोपवतात आणि शिरेतून सलाईन देतात. फुप्फुसात पाणी झालेल्याला आडवं झोपवणं म्हणजे त्याच्या छातीत आणखी रक्त आणणं, आणि सलाईन देणं म्हणजे भरल्या घागरीत ओतणं. त्याला बसवायचं असतं, पाय खाली सोडून. पाण्याबाहेर काढायचं, ऊब द्यायची, घट्ट सूट सोडवायचा, ऑक्सिजन द्यायचा. बहुतेक जण एक-दोन दिवसांत पूर्ण बरे होतात, कारण मुख्य औषध पाण्यातून बाहेर येणं हेच असतं. आम्ही त्या रात्री पोस्टमनला उठवून बसवलं ते केवळ तो आडवा राहूच शकत नव्हता म्हणून. त्याच्या शरीराला निदान माहीत होतं.

हे ‘बाहेर या’ ऐकलं की मला आपल्याच लष्करी डॉक्टरांची आठवण होते. लडाखसारख्या उंच प्रदेशात सैनिकांना वेगाने नेलं गेलं तेव्हा तरुण, निरोगी जवानांच्या फुप्फुसांत पाणी भरू लागलं. 1965 साली मेनन यांनी अशा एकशे एक रुग्णांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला, आणि उंचीवरच्या या आजाराच्या अभ्यासात भारतीयांचं काम आजही पायाभूत मानतात. आधी डॉक्टर त्याला न्यूमोनिया समजत. तिथे प्राणवायू कमी पडल्यामुळे फुप्फुसांच्या धमन्या आकसतात, इथे जास्तीचं रक्त छातीत कोंबलं जातं. वाट वेगळी, पण फुटते ती तीच पातळ भिंत. पर्वतावर उपाय खाली उतरणं, समुद्रात उपाय वर येणं.

दोघांचं औषधही एक निघालं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रिचर्ड मून आणि त्यांच्या गटाने, ज्यांना पूर्वी हा त्रास झाला होता असे दहा पोहणारे आणि न झालेले वीस जण घेतले. वीस अंशांच्या पाण्यात बुडवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला आणि फुप्फुसांच्या धमनीत नळी घालून दाब मोजला. इतरांचा सरासरी दाब पाऱ्याच्या बावीस मिलिमीटरच्या आसपास होता, या दहा जणांचा चौतीस. फुप्फुसांतून रक्त हृदयाच्या डाव्या बाजूकडे जातं तिथला दाबही अकराच्या जागी एकोणीसच्या घरात. याचा अर्थ असा की त्यांचं डावं हृदय जमिनीवर निर्दोष दिसत असलं तरी आलेलं जादा रक्त सामावून घ्यायला पुरेसं सैल पडत नाही. मग त्या दहांना सिल्डेनाफिल दिलं, म्हणजे व्हायग्रा, आणि पुन्हा पाण्यात उतरवलं. दाब खाली आला. 2016 साली ‘सर्क्युलेशन’मध्ये हा निबंध छापून आला तेव्हा वर्तमानपत्रांनी मथळ्यांत काय गंमत केली असेल ते सांगायला नको. माझ्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट औषध नाहीच. विल्म्सहर्स्टपासून जो अंदाज होता तो या लोकांच्या धमनीत नळी घालून मोजून दाखवला, ही ती गोष्ट आहे. गोळी घेऊन समुद्रात उतरण्याचा सल्ला मी कोणाला दिलेला नाही.

मी 2006 साली पुण्याला परत आलो, आणि बरीच वर्षं मला वाटत होतं की हा विषय आता आपल्यामागे राहिला. आपला समुद्र गरम. पण दरम्यान दोन गोष्टी बदलल्या. तारकर्ली, नेत्राणी, गोव्याचं ग्रांद बेट इथे लोक हौसेने डायव्हिंगला जाऊ लागले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चाळिशी-पन्नाशीतली माणसं उघड्या समुद्रात पोहू लागली. गोव्यात 2019 पासून आयर्नमॅन 70.3 होते, तिच्यात सुरुवातच 1.9 किलोमीटर समुद्रात पोहण्याने आहे. ही फार चांगली गोष्ट आहे, आणि पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कित्येकांची साखर तिच्यामुळे ताब्यात आली आहे. पण स्वीडनमध्ये वान्सब्रू गावी दर जुलैला नदीत तीन किलोमीटर पोहण्याची जी प्रचंड शर्यत होते, तिथल्या डॉक्टरांनी काठावर तंबू ठोकून, जागच्या जागी सोनोग्राफी करून मोजणी केली. हजारी चार-पाच जणांना हा त्रास होतो, वयाबरोबर प्रमाण वाढतं, आणि त्रास झालेल्यांत दहातल्या नऊ स्त्रिया असतात.

गेल्या डिसेंबरात मला एक फोन आला. पलीकडे आमच्याच पोहण्याच्या गटातल्या एक बाई होत्या. वय पंचावन्न, शाळेत गणित शिकवतात, तलावात रोज दीड किलोमीटर पोहतात. कोकणात सागरी पोहण्याच्या एका शर्यतीला गेल्या होत्या. “डॉक्टर, निम्म्यात मला काढलं हो बाहेर,” त्या म्हणाल्या. “सगळे म्हणताहेत पाणी प्यायलीस. तीस वर्षं पोहतेय मी, पाणी कसं पिईन?”

मी विचारलं, खोकला केव्हा सुरू झाला.

“आधी दम लागला. मग खोकला. मग छातीत घर्रघर्र.”

थुंकीचा रंग विचारला. जरा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “अबोली.” यापेक्षा अचूक वर्णन मी कुठल्याही केसपेपरवर वाचलेलं नाही.

सकाळी दीड लिटर लिंबूपाणी प्यायल्या होत्या. गटातल्या एका मुलीचा वेटसूट घातला होता, छातीला घट्ट बसणारा. पहाटेचं पाणी त्यांना गार लागलं होतं, आणि पहिल्या बोयापर्यंत त्या ईर्ष्येने पुढे राहिल्या होत्या. कधीच रक्तदाब मोजलेला नव्हता, कारण ‘मला काही होत नाही’. चौथ्या दिवशी दवाखान्यात आल्या तेव्हा तो 164 वर 98 होता. फुप्फुसं तोवर स्वच्छ झाली होती. मी आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं. त्यांनी गणिताच्या वहीत कोष्टक करून आणलं, सरासरी काढून, खाली लाल रेघ मारून.

आता त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. हृदयाच्या सोनोग्राफीत डावी बाजू जरा ताठ आली, बाकी ठीक. मी समुद्र बंद केला आहे आणि डायव्हिंगचं नावही काढू नका म्हणून सांगितलं आहे. इस्रायली प्रशिक्षणार्थींच्या नंतरच्या पाहणीत साधारण पाचांतल्या एकाला हा त्रास पुन्हा झाला होता, हा आकडा मी त्यांना सांगितला. गणिताच्या बाई असल्यामुळे त्यांनी तो उलटा वाचला. “म्हणजे पाचांतल्या चौघांना नाही झाला,” त्या म्हणाल्या. ते वीस वर्षांचे होते, तुम्ही पंचावन्नच्या आहात, हे मी सांगितल्यावर गप्प झाल्या.

तलाव तरी चालू ठेवू का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. सावकाश, उथळ बाजूला, कोणीतरी काठावर असताना, आधी पाणी न ढोसता, आणि खोकल्याची पहिली उबळ येताच बाहेर, असं मी कबूल केलं. बाहेर येताना शिडीवर थांबायचं नाही, वर येऊन पाय सोडून बसायचं. गटातल्या सगळ्यांना हे त्यांनी स्वतः सांगायचं अशी अट घातली. ती त्यांनी पाळली. दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठावर बारा-चौदा जणांना उभं करून त्यांनी अर्धा तास शिकवलं, आणि शेवटी प्रश्न विचारले.

मार्चमध्ये पुन्हा तपासणी आहे. तेव्हा समुद्राचा विषय त्या काढणारच, आणि वही घेऊनच येणार.